चहावालीला जागा नव्हती

८ मार्च २००८, शनिवार

मी जज! या घरात आमटीत मीठ किती घालायचं तेही मला कुणी विचारत नाही, आणि आज किशोर भावोजी लोणेऱ्याच्या कॉलेजातून आले ते थेट गोठ्यातच — "वहिनी, तू आमची जज!" माझ्या हातात शेणाची पाटी. म्हटलं, आधी ही धरा, मग बोला.

भानगड अशी. हॉस्टेलवर ही पोरं जपानी कार्टूनच्या मालिका बघतात. त्यातली एक मालिका कम्प्युटरच्या गेमवरून काढलेली आहे. भावोजी म्हणतात, मालिका म्हणजे सोनं. त्यांचा रूम पार्टनर गणू, दासगावचा, त्यानं तो गेम खेळलाय. तो म्हणतो, मालिकेनं गेमची पार वाट लावली. दोघं महिनाभर भांडतायत! शेवटी ठरलं की यातलं काहीच न बघितलेल्या माणसानं मालिका बघून निकाल द्यायचा. हरेल त्यानं दिवाळीपर्यंत दुसऱ्याचे कपडे धुवायचे.

"मग मीच का?" विचारलं. म्हणे, "तू कुणाला भीत नायस."

डोंबल माझं! सगळ्यांनाच भिते. पण हो म्हटलं.

९ मार्च, रविवार

लाइट दुपारी आली. दोन भाग बघितले. कम्प्युटर ओटीवर, त्यावर सासूबाईंची जुनी साडी झाकलेली. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळतात. बारावीचं इंग्रजी कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

नाव लांबलचक आहे, भावोजींनाही धड म्हणता येत नाही. आम्ही 'स्टेशन' म्हणतो. घाटातलं गाव, एक रेल्वे स्टेशन, सगळीकडे बर्फ. शहरातला एक पोरगा सुट्टीला येतो. म्हणजे चाकरमानीच! गावात पाच पोरी. पाचहीजणींचे केस वेगवेगळ्या रंगांचे, डोळे बशीएवढे.

माझी मतं लिहून ठेवते. बर्फ असा काढलाय की माझे पाय गार पडले, मार्च महिन्यात! वाटीतून वाफ येते ती खरी वाटते. हिरो मात्र बावळट. कुणी काही बोललं की "अं?" करतो. अशासाठी पाच पोरी?

सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. "दिवसाउजेडी बाव्हल्या बघतायत. म्हशी रेकतायत त्या ऐकाय येत नाय का गो?"

ऐकू येतात. चार वर्षं तेवढंच ऐकू येतंय.

१२ मार्च, बुधवार

भावोजी सीड्या ठेवून गेलेत. आज एकटीच बसले. तिसरा, चौथा, पाचवा.

पाचवा भाग साफ फुकट! सगळ्या पोरी उन्हाळ्यावर आंघोळीला जातात, आपल्या सवला आहे तसं गरम पाण्याचं कुंड. अख्खा भाग नुसती पाण्यात खिदळतायत. गोष्ट एक इंच पुढे सरकत नाही. मार्क कापले.

मला आवडली ती चहावाली. स्टेशनसमोर तिची टपरी, डोक्याला लाल रुमाल. हिरो कुठेही निघाला की तिच्यासमोरून जातो आणि ती हात हलवते. "जाऊन ये!" बस, एवढंच तिचं काम. प्रत्येक भागात एकदा. पण तो वळणावर दिसेनासा झाल्यावर ती हात खाली घेते ना, ते कुणीतरी फार मन लावून काढलंय. हात एकदम पडत नाही. थोडा वेळ तसाच राहतो.

आंबेनळी घाटातून महाबळेश्वरच्या गाड्या वर जातात. पाण्याला गेलं की झऱ्यावरून दिसतात. लहान पोरं खिडकीतून हात करतात. मी पण करते कधीकधी. आता नाही करणार.

१६ मार्च, रविवार

भावोजींबरोबर आठव्यापर्यंत. हिरो आता रेशमी केसांच्या पोरीमागे लागलाय. मी म्हटलं, हिचं काय एवढं? त्यांना राग आला. जजला बाजू घेता येत नाही म्हणाले. हात्तिच्या! मग जज करतो काय?

सासूबाई आज पण उंबऱ्यातच. तांदूळ तेच. कालच निवडून झालेत की! पहारा आहे नुसता.

२० मार्च, गुरुवार

भावोजी आले नाहीत. आज सत्याग्रहाचा दिवस, महाडला तळ्यावर गर्दी, गाड्या भरभरून जाणार. माझं माहेर तिथलंच. दरवर्षी या दिवशी आई दारात पाण्याचं पिंप भरून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. आठवण आली आणि रडू आलं.

उद्या शिमगा. आमचे हे मुंबईहून रात्रीच्या गाडीनं येतायत. यंदा विचारणारच.

२२ मार्च, शनिवार

विचारलं.

"कुठं ठेवू तुला? खोलीत पाय पसराय जागा नाय."

खोली म्हणजे काळाचौकीची, गाववाल्यांची. वाडीतले सगळे पुरुष एकाच खोलीत, ट्रंका भिंतीला, पाळीपाळीनं झोपायचं, जेवण खानावळीत. तिथे बाईमाणसाला जागा नाही हे मलाही कळतं. चार वर्षं कळतंय.

म्हटलं, मग वेगळी बघा, लहानशी.

"मुंबईत खोली म्हंजे खायचं काम वाटलं? आणि म्हशींचं कोण करील? बाबांचं गुडघं बघतेस ना?"

झालं! जागा नाही आणि म्हशी आहेत. दोन्हीकडून दार बंद. ओरडत नाहीत, मारत नाहीत, साडी आणलीय चांगली आंबा रंगाची. भांडू तरी कशावरून?

'स्टेशन'चा एक भाग दाखवला. पाच मिनिटांत डुलायला लागले. रात्री जमिनीवर झोपून पाठ धरली म्हणून कुरकुर. मुंबईत काय गाद्यांवर लोळतात?

२३ मार्च, रविवार

गेले. मी हात हलवला. हलवणार नव्हते.

३० मार्च, रविवार

मालिका संपली. सगळं लिहिते.

शेवटच्या भागात हिरो रेशमी केसांच्या पोरीला घेऊन शहरात निघतो. स्टेशनवर सगळं गाव. बर्फ पडतोय, पेटीसारखं काहीतरी हळू वाजतंय. मी रडले, खोटं कशाला बोलू? गाडी सुटते. टपरीवरून चहावाली हात हलवते. गाडी जाते. आणि चित्र तिथेच थांबतं, तिचा हात वर! खालीसुद्धा घेऊ दिला नाही तिला.

"मस्त ना?" भावोजी म्हणाले. "मग, पास?"

मी विचारलं, चहावालीचं पुढे काय?

तर म्हणे गेममध्ये तिची वेगळी गोष्ट आहे. गेम म्हणजे चित्रं बघायची आणि वाचायचं. मध्येच कम्प्युटर विचारतो, आता काय करणार? तुम्ही निवडाल तशी गोष्ट पुढे जाते. पहिल्याच दिवशी टपरीसमोरून पुढे न जाता 'बसतो' असं निवडलं की चहावालीची गोष्ट सुरू होते. तिला गाणं येतं. तिचा बाप खोकत असतो. शेवटी ती टपरी बंद करते, रुमाल सोडते आणि स्वतः गाडीत बसते. हिरो फलाटावर!

"मग हे मालिकेत का नाही?"

"बारा भाग गो वहिनी. पाच पोरी. जागा नव्हती."

जागा नव्हती!

काय झालं मला कुणास ठाऊक. त्या बिचाऱ्यावर तुटून पडले. "खोलीत जागा नाय, भागात जागा नाय! आणि उन्हाळ्यावर खिदळायला अख्खा भाग मिळाला तो? तिथे कशी जागा झाली? ज्याला ठेवायचं त्याला जागा होते. नको त्याला नसते!" भावोजींनी काय माझं घोडं मारलंय? पण थांबता येईना.

उंबऱ्यात सासूबाई. सूप मांडीवर, हात थांबलेले. आता बोलणार म्हणून मी मान खाली घातली. तर त्या उठून धार काढायला गेल्या. एरवी ते माझं काम.

भावोजींना सांगितलं, निकाल राखून ठेवलाय.

५ एप्रिल, शनिवार

अगं बाई! हे लिहिलंच पाहिजे.

झऱ्यावर हंडे भरत होतो, सासूबाई आणि मी. मध्येच म्हणाल्या, "ती चाय देनारी पोरगी, ती तितंच ऱ्हायली काय गो?"

मला आधी कळेचना. मग कळलं. तांदूळ कसले निवडतायत, बघतायत! अक्षरं वाचता येत नाहीत, बोलणं जपानी, तरी सगळी गोष्ट यांना पाठ. हिरोला "ता मुकाट" म्हणतात, तोंडातून शब्द फुटत नाही म्हणून.

मी गेममधली गोष्ट सांगितली.

"गाडीत बसली? एकली?"

"हो."

"तिकीट कोन काढलान?"

"तिचं तिनंच."

हंडा भरून वाहायला लागला तरी बाजूला घेईनात. मग म्हणाल्या, "तुजा सासरा गिरनीत हुता. मी इतं. जागा नाय, जागा नाय बोलायचा. गिरनी बंद झाली तवा ट्रंक घेऊन आला घरी. मी काय ती खोली बघितली नाय कवा." आणि चुंबळ ठेवून चढायला लागल्या.

मी मागून चालत होते. या बाईला चार वर्षं मी जेलर समजत होते.

१३ एप्रिल, रविवार

आता बोला! सासूबाई मुंबईला चालल्या. बहिणीच्या, बनुबाईच्या नातवाचं बारसं आहे. वाडीतला सहदेव सुट्टी संपवून परत चाललाय, त्याच्या सोबतीनं. जन्मात एकट्या पोलादपूरच्या पुढे गेल्या नाहीत!

"तुला कोन वळखतो तितं?" बाबा म्हणाले.

"वळख करून घेईन."

मी पिशवी भरून दिली. तांदूळ, कोकम, कुळीथ. चेहरा हसरा ठेवला. पण खरं सांगू? जळून खाक झाले. त्या जातायत आणि मी राहतेय.

१५ एप्रिल, मंगळवार

म्हशी. पाणी. बाबांचे गुडघे शेकणं. दिवसभर लाइट नाही. कुणाशी चार वाक्यं बोलले नाही. उद्या पण हेच, परवा पण हेच. ओरडावंसं वाटतं, पण ओरडले तर म्हशी तेवढ्या मान वर करून बघतील.

१७ एप्रिल, गुरुवार

आल्या. दुपारी. पिशवी ओटीवर टाकून सरळ गोठ्यात, माझ्यासमोर.

"जागा हाय."

"कसली जागा, आई?"

खाली बसून शेण भरता भरता सांगायला लागल्या. बारसं झालं, मग सहदेवला म्हणाल्या, मला सूरजच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, खोलीवर ने. काळाचौकीला गेल्या तर गाववाले एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सूरज? तो तर गणपतीतच गेला की इथून! भांडुपला सोताची खोली घेतलान. कुणाला सांगायचं नाय बोललान. सहदेवलाही माहीत होतं. त्यानंच नेलं, मान खाली घालून.

मी विचारलं, कोण आहे तिथे?

"कोन नाय गो! मी सगळं बघितलं. बाय नाय, बाटली नाय. एक पलंग, एक टीवी. तंगड्या पसरून पडला हुता. मी बोलले, रे, इतं सुनेला जागा नाय? तर बोलतो, हाय, पन आई, मला जरा शांत वाटतं."

शांत वाटतं!

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. निदान तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या! इथे कुणीच नाही. पलंग आहे, टीव्ही आहे, रिकामी जागा आहे, फक्त मी नको. आणि मी वेडी चार वर्षं त्या खोलीतल्या ट्रंकांची कीव करतेय. पाठ दुखते म्हणे जमिनीवर!

मी रडत होते, सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या. शेणाचा हात, पण फिरवत होत्या. मग स्वतःच रडायला लागल्या.

"मला काय ठावं," म्हणाल्या, "तवा पन जागा असंल. मी कवा बघाय गेलेच नाय."

बाबा ओटीवर होते. ऐकलं असणार. विडी पेटवली आणि विझू दिली.

संध्याकाळी सासूबाईंनी त्यांना सांगून टाकलं, "शनवारी आमी दोघी जातोय. शेजारची तुळसा धार काढंल. किशोरला सुट्टी लागलीय. म्हशी त्याच्या पन हायत."

२० एप्रिल, रविवार. भांडुप.

पलंगावर आई आणि मी. सूरज दाराशी चटईवर, भिंतीकडे तोंड करून. टीव्ही बंद. आईंना आवाज खपत नाही.

सकाळी खालच्या पीसीओवरून भावोजींना निकाल कळवला. मालिका नापास, गणू जिंकला. चित्रं उत्तम, पण चहावालीला जागा होती, दिली नाही.

"म्हंजे त्याचे कपडे मी धुवायचे? इथं म्हशी धुतोय मी!"

धुवा म्हटलं.

आईंचं बुधवारचं परतीचं तिकीट काढलंय. माझं काढलेलं नाही.