कांडपावरचा पाळणा

उंब्रज, ६ एप्रिल २०२४

सौ. उमाताई विहीणबाई यांस मनुबाईचा स. न. वि. वि.

फोनवर तुमी बोलता आन् खाली दुकानात मिरचीचं कांडप दणादणा चालू, एक अक्षर कळत न्हाई, म्हणून लिहिते. तुमची लेक प्रियदर्शनी बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. नातीला आमी दोनदा बघितलं, तेबी पाटणला येऊन. सूनबाई म्हणते, खालचा दणका थांबल्याबिगर बाळाला वरच्या खोलीत निजवणार न्हाई. आवं, मसाल्याच्या दिवसांत कांडप बंद ठेवून आमी खायाचं काय? ह्यांनी दुकानाच्या छताला थर्माकोल ठोकला. दणका हाय तसाच, वर गिऱ्हाइकाच्या मिरचीत पांढरं दाणं पडाय लागलं. लेक माहेरीच ठेवायची असंल तर तसं सरळ सांगा.

राग धरू नका,
तुमची मनुबाई

पाटण, १३ एप्रिल

सौ. मनुबाई विहीणबाई यांना स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून प्रियदर्शनी आधी हसली, मग रडली. तिलाही घरी यायचंय. पण डोहाळजेवणाला आले तेव्हा तुमच्या वरच्या खोलीत माझ्या ताटातली आमटी थरथरताना मी पाहिली आहे. आमचे हे म्हणतात, दणका जमिनीतून भिंतीत चढतोय, छताला काय करता? मशीन उचलून खाली जाड रबर घाला. साखर कारखान्याचा जुना पट्टा भंगारात मिळतो. मग पाळण्याखाली पाण्याचा तांब्या ठेवून बघा. पाणी हललं तर मी लेक पाठवणार नाही, तुम्ही कितीही रागावा. नात तुमच्यावरच गेली आहे, सारखी लाथा झाडते.

लोभ वाढू द्या,
तुमची उमा

उंब्रज, २८ एप्रिल

सौ. उमाताईंस मनुबाईचा नमस्कार.

थर्माकोल उपटला. तुमच्या जावयानं, आमच्या धैर्यशीलनं, पट्ट्याचं तुकडं थरावर थर घालून त्यावर मशीन बसवलं. मग त्याला मिरची टाकाय लावली आन् मी वर पाळण्याखालच्या तांब्याकडं बघत बसले. पाणी हलंना. आवाज येतोय, पर लांब कुटंतरी चालल्यावानी. बघता बघता तितंच आडवी झाले. जाग आली तर धैर्यशील उशाला उभा, तोंड पांढरं. म्हणतो, आई, कवाधरनं हाका मारतोय, उठंनास. मसाल्याच्या दिवसांत दुपारी झोपलेली त्यानं मला जन्मात बघितली न्हवती.

मला झोप लागली, मग त्या चिमणीला का लागू न्हाई? अक्षयतृतीयेला गाडी पाठवते. दोघींबरोबर तुमीबी या. आमटीचं ताट घिऊन वर बसा. हलली, तर लेक परत न्या. न्हाई हलली, तर गप जेवा.

माया हाय तशी ऱ्हाऊ द्या,
मनुबाई