वांगी रंगाच्या घागऱ्याबाबत खुलासा

कळंब, जि. यवतमाळ
चैत्र, मंगळवार

तीर्थस्वरूप पुष्पाबाई यांच्या चरणी धरमसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले गुडघे आणि आपले यजमान हिरासिंगजी यांची साखर ही दोन्ही आटोक्यात असतील, तसेच यंदाची हळद शिजवून व वाळवून घरात आली असेल, असे मी येथे बसून धरून चालतो. माझे ठीक आहे. रक्तदाब जेथे होता तेथेच आहे आणि मीही जेथे होतो तेथेच आहे.

फोन करता येत असताना पत्र का, असा प्रश्न आपल्याला पडेल. गेल्या पंधरवड्यात मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तेव्हा हिरासिंगजींनी तो उचलून, ‘बाई गोठ्यात हाये,’ असे सांगितले. आपल्या गोठ्यात दोनच म्हशी आहेत. दोन म्हशींना दिवसाच्या प्रत्येक प्रहरी एवढी सेवा लागत असेल, तर त्यांना पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे असे मी सुचवीन. हे पत्र आपल्याला हिरासिंगजीच वाचून दाखवतील, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. (हिरासिंगजी, कंसातील मजकूर केवळ आपल्यासाठी आहे. तो मनातल्या मनात वाचावा.)

विषय आपल्याला ठाऊक आहे. आपल्या भाचीने, म्हणजे माझ्या वर्षाने, लग्नात काळा घागरा घालायचे ठरविले असल्याचे आपल्याला दिसले, आणि परिवाराच्या ग्रुपवर बोलून पाठविलेल्या संदेशात आपण ‘मं कोनी आऊं’ असे आपल्या बोलीत जाहीर केले. येणार नाही म्हणजे नाही. बाई, बसंती गेली त्याला येत्या तीजेला वर्ष होईल. मुलीच्या लग्नात आईच्या जागी मावशी उभी राहते. मावशीही येणार नसेल तर ती जागा मंडपात तशीच रिकामी दिसेल, आणि तेथे खुर्ची ठेवून भागण्यासारखे नाही. म्हणून हा सविस्तर खुलासा.

वर्षा पुण्यास नोकरीला असते आणि नवरा मुलगा प्रेम हाही तेथेच असतो, हे आपण जाणता. साखरपुडा झाल्यावर ती मला म्हणाली, “बापू, लाल तर साऱ्याच घालतात.” मी म्हणालो, साऱ्या घालतात त्याअर्थी त्यात काही तथ्य असले पाहिजे. त्यावर ती म्हणाली, “म्हणूनच.” मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकविला. त्या विषयात ‘म्हणूनच’ला उत्तर नाही. बसंती असती तर एका वाक्यात निकाल लागला असता. कोणत्या बाजूने लागला असता, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.

घागरा तयार घ्यायचा नव्हता. तो खास तिच्यासाठी कल्पून, रेखाटून, मग शिवायचा होता, आणि त्यासाठी नागपूरची एक डिझायनर निश्चित झाली होती. वर्षाला सुट्टी नसल्यामुळे पहिल्या बैठकीला वधूपक्षातर्फे मी गेलो. त्या जागेला दुकान म्हणत नाहीत, स्टुडिओ म्हणतात, आणि तेथे कापड सोडून बाकी सर्व काही होते. एक मोठा आरसा, एक कुंडी, कॉफीचे यंत्र, आणि एक इतके ठेंगणे आसन की त्यावर बसल्यावर माझे गुडघे माझ्याशी बरोबरीने बोलू लागले. ती मुलगी अदबशीर होती. तिने विचारले, “अंकल, ब्राईड समोरून आली की तुम्हाला काय फील व्हायला पाहिजे?” मी पुरेसा विचार करून उत्तर दिले की, घागरा तिच्या पायात अडकणार नाही, असे वाटले पाहिजे. तिने ते लिहून घेतले. नंतर तिने रंगांचा एक पुठ्ठा काढून वर्षाने पसंत केलेल्या रंगावर बोट ठेवले आणि त्याचे एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितले. चौकशीअंती ते मध्यरात्रीचे वांगे निघाले. मध्यरात्री वांग्याच्या रंगात काय फरक पडतो हे मी विचारले नाही, कारण शेवटची बस चुकली असती. काठाला मात्र लहान आरसे आणि कवड्या आहेत, आपल्या तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या फेटियाच्या घेरावर असत तशा. ही माहिती आपल्या संदेशानंतर ग्रुपवर देण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता त्या छायाचित्राविषयी.

गुढीपाडव्याला वर्षा घरी येणार, म्हणून अर्धवट शिवलेला घागरा कळंबच्या पत्त्यावर आला. तिची सुट्टी रद्द झाली आणि घागरा राहिला. लांबी बरोबर आहे की नाही ते लगेच कळविणे आवश्यक होते. तेव्हा वर्षा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “बापू, तुमची-माझी उंची सारखीच हाये. एक मिनिट घाला ना!” मी नकार दिला. तिने आणखी एकदा ‘बापू’ म्हटले. तेव्हा मी पूर्ण बाह्यांचा शर्ट नीट खोचून, विजारीवरून तो घागरा परिधान केला. त्याचे हूक पाठीमागे असतात. ते मी पुढच्या बाजूला घेऊन लावले आणि मग घागरा फिरवून मागे नेला. (हिरासिंगजी, ही युक्ती उपयुक्त आहे, परंतु उलट दिशेने ती चालत नाही.) घागरा फिरवताना त्यातल्या टाचण्या शर्टात अडकल्या आणि हूक जे मागे गेले ते मागेच राहिले.

नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजली. बेल वाजली की मी पूर्वी वर्तमानपत्रातून डोके न काढता, “कोण आहे बघ गं,” असे म्हणत असे. त्या दिवशीही सवयीने तसे म्हणालो. आणि मग घागरा दोन्ही हातांनी उचलून दार उघडायला गेलो.

दारात शेजारचे किसनराव आणि त्यांच्या मंडळी शकुबाई पाटवड्यांचे भांडे घेऊन उभे होते. किसनरावांनी मला वरपासून खालपर्यंत आणि मग सावकाश खालपासून वरपर्यंत पाहिले.

“मास्तर,” ते हळूच म्हणाले, “काही तरास होऊन राह्यला का तुमाले?”

मी सांगितले, की मी लांबी मोजतो आहे.

“कायची?”

“तुमी गप बसा जी!” शकुबाई म्हणाल्या. त्यांनी भांडे किसनरावांच्या हाती दिले, माझ्या मागे जाऊन चिमटीने कापड धरले आणि म्हणाल्या, “अवं, लांबी बराबर हाये, पण कमरीत केवढा ढिला हाये हा!”

“मले त वाटलं, एकट्यानं राहू राहू मास्तरचं डोस्कं…”

“तुमचं हाये ना जाग्यावर? मंग झालं तर. धरा इकडून.”

त्या माउलीने टाचण्या सोडविल्या, हूक काढले, पाटवड्या ओट्यावर ठेवल्या आणि या प्रसंगाविषयी गावात एक शब्दही काढला नाही. किसनरावांनी काढला. मी कळंबच्या बाजारात गेलो की आता भाजीवाल्या बायका मला मान देऊन वाट करून देतात.

दार उघडण्यापूर्वी मी वर्षासाठी खालच्या काठाचे छायाचित्र काढले होते, आणि त्या गडबडीत ते तिच्याऐवजी परिवाराच्या ग्रुपवर गेले. त्यात छातीपासून पावलांपर्यंतचा भाग होता, चेहरा नव्हता, आणि वर ट्यूबलाइट होती. एका भाच्याने अभिनंदन केले. पुसदच्या गुलाबसिंगांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले. गेल्या वर्षापासून माझ्याकडून काहीही आले की ते न उघडता तेच लिहितात, आणि त्यांना कसे थांबवावे हे मला सुचत नाही. त्यानंतर आपला संदेश आला. रंगाविषयीच्या भागावर मी पुढे येतोच, परंतु त्यात आपण असेही म्हणालात की, “अन् पोर किती वाळली माय! कंबर त राह्यलीच नाही. बाप खाऊ घालते का नाही तिले?”

बाई, ती कंबर माझी आहे.

वर्षाची प्रकृती उत्तम असून तिचे वजन समाधानकारक आहे. माझ्या बाबतीत म्हणाल तर मी दोन्ही वेळ रीतसर जेवतो. अडचण एवढीच, की एकट्यापुरते वरण शिजविणे मला अद्याप जमलेले नाही. कितीही मोजून डाळ घातली तरी ते दोघांचे होते. मग सकाळचे संध्याकाळी खावे लागते, आणि संध्याकाळी त्याची चव लागत नाही. (हिरासिंगजी, हा परिच्छेद वाचून झाला असल्यास निदान भराभर पुढे जावे.)

आता रंग. घागरा काळा आहे हा आरोप मी गंभीरपणे घेतला, आणि त्याच्या कापडाचा एक तुकडा पाकिटात घालून त्रयस्थ मते गोळा केली. राळेगावच्या बसमध्ये कंडक्टरला तो दाखविला. तो म्हणाला, “छत्री दुरुस्त करायची हाये का काका?” हे मत मी ग्राह्य धरलेले नाही, कारण बसमध्ये अंधार होता. चिंतामणीच्या देवळाबाहेरच्या फुलवालीने उन्हात धरून ‘जांभूळ’ म्हटले. किसनरावांनी तर तो तुकडा थेट आपल्या वावरातल्या वांग्याला लावून पाहिला आणि मला हाक मारली, “या मास्तर, पाहा! कोणतं वांगं अन् कोणतं कापड, सांगा बरं?” सारांश, हा रंग उन्हात वांगी आणि ट्यूबलाइटखाली काळा आहे. लग्न भर वैशाखात, दुपारी, उघड्या मंडपात आहे. तेथे ट्यूबलाइटचा संबंध येत नाही. (आपल्या घरच्या फोनचा उजेड कमी करून ठेवलेला असतो, तोही कृपया वाढवावा.)

आणि एक गोष्ट. ज्या मुलीला लाल नको, तिला ढावलो मात्र हवा आहे. सासरी निघताना आपल्या मुली एकेकाच्या गळ्यात पडून जे गातात आणि गाता गाता रडतात, ते तिला रीतीप्रमाणे करायचे आहे. मला वाटले होते, पुण्यात राहून ती हे विसरली असेल. ती कोणत्या तरी व्हिडिओवरून शिकू लागली. एका रविवारी सराव करत असताना वरच्या मजल्यावरच्या लोकांनी वॉचमनला पाठविले, आणि त्याने दाराबाहेरून विचारले, की ताई, पोलिसांना बोलावू का. मग तिने फोनवर मला म्हणून दाखविले. शब्द सगळे होते, परंतु ऐकताना बातम्या ऐकल्यासारखे वाटले. ते तिलाही कळले. ती म्हणाली, “याडी कशी म्हणत होती, बापू?” ढावलो चालू असतो तेव्हा पुरुष बाहेर सामान मोजत असतात. मीही प्रत्येक लग्नात सामान मोजले. आईने शिकवायचे ते आता मावशीनेच शिकवले पाहिजे, आणि मावशी सध्या गोठ्यात आहे.

तरी उपरोक्त खुलासा लक्षात घेऊन घागऱ्याबाबतचा गैरसमज दूर करावा, व लग्नास अगत्य येण्याचे करावे, ही नम्र विनंती.

आपला आज्ञांकित,
धरमसिंग

ता. क. ढाणकीहून उमरखेडला येऊन यवतमाळची बस धरावी. यवतमाळच्या स्थानकावर मी स्वतः हजर राहीन. घागऱ्यात नसेन.

दुसरा ता. क. मुलगी गळ्यात पडून रडते तेव्हा तिला म्हणायला शब्द असतात. बापाला काय म्हणायचे असते, हे मला कोणी सांगितलेले नाही. आमच्या लग्नात बसंती आपल्या वडिलांच्या गळ्यात पडली होती तेव्हा ते तिच्या कानाशी काहीतरी बोलले. मी गाडीत जाऊन बसलो होतो, त्यामुळे ऐकू आले नाही. नंतर तिला विचारायचे राहून गेले, पुष्कळ वर्षे होती तरीही. आपण तिच्या शेजारीच उभ्या होता. ते काय बोलले, एवढे मला सांगावे. पत्राने कळवू नये. येऊन सांगावे.

तिसरा ता. क. हे लिहू नये असे ठरविले होते. आपला संदेश ऐकला त्याच संध्याकाळी वर्षा म्हणाली, “बापू, मावशीला सांगा, लाल करते. मावशी पाहिजे मला.” स्टुडिओही तयार आहे. ‘सांगतो’ म्हणून मी तिला थांबविले आणि आपल्याला सांगितले नाही. लाल म्हटले असते तर आपण लग्नाच्या दिवशी सकाळी आला असता, जेवला असता आणि संध्याकाळच्या बसने परत गेला असता. भांडायचे असले की आपण आठ-दहा दिवस आधी येता आणि निकाल लागेपर्यंत हलत नाही, हे मी आमच्या लग्नापासून पाहत आलो आहे. शिवण माझ्या सांगण्यावरून थांबली आहे. वर्षा पुढच्या आठवड्यात येते. आपण त्याआधी यावे. रंग आपण म्हणाल तो होईल, परंतु पहिल्याच दिवशी मान्य करू नये. मीही करणार नाही.