बंद केलेली गोळी

शहागड, ३ डिसेंबर २०२४

ती. ताईस, ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून पत्र लिहिते. शेजारच्या कडूबाई उद्या तुमच्या भोकरदनला यायल्या, त्यांच्या हाती देते. राजनंदिनी दोन महिन्यांची झाली. नाक तुझं घेतलंय, रागही तुझाच.

ताई, फिटची गोळी मी सहा दिवसांपासून बंद केली. आई खाते ते दुधातून लेकराला जातं, असं नणंद म्हणाली. मंग गोळी घशाखाली उतरेना. काल पाजताना हात असा झटकला की लेकरू मांडीवरून घसरलं. पदरात अडकलं म्हणून वाचलं. सासूबाईंना अन् ह्यांना माझा आजार ठाऊक न्हाई. विचारू कोणाला?

रागावलीस तरी माया कमी करू नको.

भोकरदन, ४ डिसेंबर

चि. ज्योत्स्नास, अ. उ. आ.

पत्र वाचलं नि आधी तुझ्या जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तुझी ही गोळी दुधात फार थोडी उतरते, घेऊन पाजता येतं. धोका ती अचानक बंद करण्यात आहे. आता किती नि कशी सुरू करायची, ते तपासूनच सांगतील. तुझे दाजी रामेश्वर हे पत्र घेऊन गाडीनं येत आहेत. आजच लेकराला घेऊन त्यांच्याबरोबर नीघ. तोवर एकटी पाजू नको.

आणि तुझ्या नवऱ्याला, अंगदरावांना, आजाराचं सांग. लग्नात लपवलं ते आईनं नि मी. तुझा दोष बिलकुल न्हाई.

तुझ्या काळजीत असलेली, शीतल

शहागड, १५ डिसेंबर

सौ. शीतलबाईस, ज्योत्स्नाची सासू द्वारकाबाईचा आशीर्वाद.

सुनेनं अंगदला अन् मला सगळं सांगितलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले न्हाई. मंग मनात आलं, ही पोरगी दीड वर्ष माझ्याच घरात चोरून गोळी खात होती. ते जास्त लागलं.

गोळी परत सुरू झाली. लेकरू फार झोपाळलं, कमी प्यायला लागलं तर जल्दी दाखवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. त्यांना विचारल्याबिगर दुसरं औषध न्हाई. माझा काढाही बंद. राजनंदिनी बराबर पिते. खाट मी उचलून ठेवली. सून खाली गोधडीवर बसून पाजते, मी शेजारी बसते.

तुमच्यावरचा माझा राग अजून गेला न्हाई. संक्रांतीला या, समोर बसून भांडू. मंग चार दिवस राहूनच जा.