नोकरी सोडण्याचं कारण

कारेगाव,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००३

प्रिय रश्मी,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी आलेलं पाकीट आपला आयुष आधी फोडतो आणि माझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवतो. मधल्या सुट्टीत वाच, आणि पुढचा तास दुसऱ्या बाईंना घ्यायला सांग.

मंगळवारी मी राजीनामा दिला. प्रॉव्हिडंट फंड काढायचा फॉर्मही भरला. तू नको म्हणाली होतीस. दिवाळीत तू किती शांतपणे समजावलं होतंस, की येत्या जूनमध्ये या नोकरीला पाच वर्षं पुरी होतात, त्याआधी फंड मोडला तर कंपनीच्या वाट्यावर टॅक्स बसतो आणि इतकी वर्षं मिळालेली सूटही परत घेतात. सात महिने तर राहिलेत, कळ काढा. भोसरीची चूकही तू आठवून दिलीस. तिथली नोकरी सोडली तेव्हा तुझ्या डी.एड.ची फी भरायची होती, म्हणून मी फंड काढून घेतला. तो इकडच्या खात्यात वळवला असता तर तिथली वर्षं यात धरली गेली असती आणि आज हा प्रश्नच आला नसता. तुझं एक अक्षरही चुकत नव्हतं. मी मान डोलावली आणि घराच्या स्लॅबसाठी पैसे लागतील असं काहीतरी पुटपुटलो. तू म्हणालीस, स्लॅब वर्षभर थांबेल. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा तुला राग आला, तो अजून असेल.

फार दमलोय गं. हे पत्र कालपासून तीनदा लिहायला घेतलं. खोलीतले दोघं सेकंड शिफ्टला गेलेत, म्हणून आत्ता जरा निवांत आहे.

टाइम ऑफिसात पृथ्वीराज म्हणून एक मुलगा आहे, न्हावऱ्याकडच्या बागायतदाराचा. आमच्या कंपनीच्या फंडाचं सगळं तोच बघतो. त्यानं माझा फॉर्म वाचला आणि नोकरी सोडण्याच्या कारणावर बोट ठेवलं. तिथं मी 'घरगुती अडचण' लिहिलं होतं. तो म्हणाला, "दादा, आसं लिवलं तर टॅक्स कापला जातोय बघा. आजारपणानं नोकरी सुटली आसंल तर पाच वर्षांची अट लागत न्हाई. तसं लिवा. सर्टिफिकेटचं मी बघतो, माझ्या वळखीचे डॉक्टर हायेत." गुण चांगला आहे त्याचा. माझे पैसे वाचावेत म्हणूनच सांगत होता.

सर्टिफिकेट माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. तीन आठवडे तसंच घेऊन फिरत होतो. मी ते काढून त्याच्यापुढं ठेवलं. तो हसला. म्हणाला, "म्हंजी तुमी आदीच तयारीत हाय की." मग त्यानं ते वाचलं. मागं टाचलेले रक्ताचे रिपोर्ट उलटले, त्यावरचा पुण्याच्या हॉस्पिटलचा शिक्का बघितला.

"दादा, ह्ये खरं हाय व्हय?"

मी म्हणालो, "व्हय."

तो उठला, दार लोटून घेतलं आणि मला ग्लासभर पाणी दिलं. डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी मापून दिलंय, तरी त्याला नाही म्हणवेना, प्यालो. त्यानं स्वतःच्या हातानं 'घरगुती अडचण' खोडलं आणि तिथं 'आजारपण' लिहिलं. खाडाखोडीशेजारी मी सही केली. निघताना त्यानं विचारलं, वहिनींना माहीत आहे ना. मी हो म्हणालो.

रश्मी, माझ्या दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. जूनमध्ये सुरुवात झाली. शिफ्ट संपता संपता सेफ्टी शूज निघेनात, पाय इतके सुजायचे. कंपनीच्या दवाखान्यात ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. त्यांनी शिरूरला पाठवलं, शिरूरच्या डॉक्टरांनी पुण्याला. ज्या चार गुरुवारी ओव्हरटाइम आहे असं कळवून मी घरी यवतला आलो नाही, ते चारही गुरुवार मी हॉस्पिटलच्या बाकावर काढले. तू चिडलीस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपनीच जवळची का, असं म्हणालीस. ते ऐकून घेणं सोपं होतं, खरं सांगणं अवघड.

दिवाळीत आई माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, पोराच्या अंगावर मांस चढलंय, मेसचं जेवण मानवलं. तूही हसलीस. ती सूज होती. तुझा चिवडा मी हातात घेऊन तसाच ठेवला, त्याचं तुला वाईट वाटलं. मला मीठ बंद आहे. आयुषला खांद्यावर घेतलं नाही, तेव्हा तो आता मोठा झालाय म्हणालो. खरं तर उचलवलंच नसतं.

आता पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल. उभ्यानं तीन शिफ्टमध्ये काम करणं जमणार नाही, म्हणून राजीनामा. फंड पूर्ण मिळेल, टॅक्स कापणार नाहीत. ही बातमी मी तुला आनंदानं सांगायला हवी होती. पण माझ्या आजाराचा कागद तुझ्याआधी टाइम ऑफिसातल्या एका पोरानं वाचला. मंगळवारपासून हेच मनात सलतंय.

येत्या गुरुवारी, वीस तारखेला, हाताची शीर जोडायचं छोटं ऑपरेशन आहे, त्या मशीनसाठी. घरच्या माणसाची सही लागते. बुधवारी संध्याकाळी मी यवतला येतो. त्याआधी तुला सगळं माहीत असावं, म्हणून हे लिहिलं. समोर बसून मला सांगता आलं नसतं. आईला आपण दोघं मिळून सांगू. बुधवारी मला काही विचारू नकोस, नुसता चहा टाक. गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघू. डॉक्टर दर वेळी विचारतात, घरचं कोण आलंय सोबत. मी दर वेळी सांगितलं, बायको बाहेर बसलीय. या गुरुवारी तू खरंच बाहेर बसलेली हवी आहेस.

तुझाच,
महेंद्र