उलट्या कापलेल्या प्लेटी

अगं,

अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे. एवढ्या चार ओळींना अख्खी दुपार गेली.

पाने-पकडी टांगायच्या नव्या प्लेटी काल तू शेडच्या भिंतीवर ठोकल्यास, त्या आज वापरून बघितल्या. माझ्या जुन्या प्लेटींची फाईल तू कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखी उलटी करून पत्रा कापून आणलास, म्हणजे सगळं माझ्या डाव्या हाताशी येईल. आलंही. पण पक्कड घ्यायला दर वेळी उजवाच पुढे होतो. तो मनगटापाशी संपतो, हे त्याला अजून कळलेलं नाही. जाऊन भिंतीवर आपटतो. अकरा वेळा आपटला, मग मोजायचं सोडलं.

मी अक्काकडे जातोय. पोचलो की फोन करीन. त्या फाटकवाल्या गिऱ्हाइकाच्या बिजागऱ्या तशाच पडल्यात, त्याला दुसरीकडे जा म्हणावं. शेडची किल्ली फ्रिजवर ठेवलीय, मला परत देऊ नकोस.

प्लेटींना पट्टी लावून पाहिली. एकही खाच केसभरसुद्धा चुकलेली नाही. चुकली असती तर बरं झालं असतं गं, तुझ्यावर चिडता तरी आलं असतं.