काठीचा ठोका

संगमेश्वर, ता. ६ मार्च १९३२

बाबल्याच्या बाबांचे चरणी शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. काजूला मोहर बरा आहे. अक्षराला मागच्यासारखे हसू नये. शाळा तिसरीतच सुटली, त्याला मी काय करू?

लिहायचे ते बाबल्याविषयी. रावजी वस्तादांकडे मल्लखांब शिकू लागल्यापासून पोर गप्प झाले आहे. काल पाणंदीत कोणी लाकूड फोडीत होते. ठोका पडला आणि विटीदांडू खेळणारी तालमीची सगळी पोरे जागच्या जागी थांबली. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. बाबल्याला हाक मारली तरी ऐकेना. शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, मारुतीचे वारे आहे, भाग्य समज. म्हणून मी तालमीत नारळ दिला, बाबल्याला वस्तादांच्या पायांवर घातले. तिथेच त्याची चड्डी ओली झाली. मामंजी म्हणतात, पोर तयार होते आहे. मला भीती वाटते.

माया आहे ती उणी होऊ नये.
आपली राही

माझगाव, ता. १२ मार्च

सौ. राही हीस अ. उ. आशीर्वाद.

अक्षराला हसलो नाही. ते वारे नव्हे. वस्ताद खांबावर काठी आपटतो, पोरांनी हात वर करायचे. हात खाली आला की वेताने पाठ फोडतो. घरी सांगणार नाही, अशी मारुतीच्या शेंदराला शिवून शपथ घ्यायला लावतो. मी त्याच तालमीतला. गोदीत सुताराने पेटीवर हातोडी मारली की माझे हात अजून वर जातात. काशीराम गोऱ्या साहेबाला शरण गेला, असे म्हणून लोक मला हसतात.

बाबल्याला तिथे पाठवू नकोस. खोदून विचारू नकोस. मला सगळे कळले, मारुती तुझ्यावर रागावणार नाही, एवढेच त्याला सांग. बाबांना हे पत्र वाचून दाखव. रजा मिळताच निघतो.

भरवसा ठेव.
काशीराम

संगमेश्वर, ता. १९ मार्च

शि. सा. न. वि. वि.

पत्र मामंजींना वाचून दाखवले. बाबल्याला तुमचे शब्द सांगितले, तेव्हा तो खूप रडला, मग आपणहून पाठ दाखवली. ती पाहून माझ्याने तुमची वाट पाहवेना. गोदूबाईंना आणि इतर आयांनाही ती दाखवली आणि त्यांना घेऊन तालमीत गेले. बाबल्या पदर सोडीना, म्हणून तोही आला. गावकीचे म्हातारे मिटवामिटवी करायला मागोमाग आले, त्यांत मामंजीही होते.

मी वस्तादांना म्हटले, "आजपासून आमची पोरं येणार नाहीत."

ते जरासे हसले आणि त्यांनी खांबावर काठी आपटली. पोरांचे हात वर गेले. आम्ही आपापल्या पोरांचे हात धरून खाली घेतले. बाबल्याचे लाकडासारखे ताठ झाले होते. मागे वळून पाहिले, तर सगळे म्हातारे हात वर करून, डोळे मिटून उभे होते. मामंजीही. त्यांना या वस्तादांच्या बापाने शिकवले होते.

सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात कसा लावावा? मी तशीच उभी राहिले. बाबल्या दगडावर चढला आणि त्याने आजोबांचे हात एकेक करून खाली घेतले. मग आम्ही सगळे घरी आलो. पोरे आता जात नाहीत.

मामंजी जवळच बसले आहेत. तुम्हाला आशीर्वाद लिही म्हणाले. मग म्हणाले, "काश्याला तेव्हा फार लागायचं काय, इचार."

उत्तर त्यांनाच लिहावे.
आपली राही