थेंबभर औषध पुरे

६ एप्रिल
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा शिक्षक गटात पहिला नंबर माझाच येणार. विषय: जंतुनाशक किती पातळ चालतं? लोक झाकणंच्या झाकणं ओततात. निव्वळ अडाणीपणा. चार बश्यांत जंतू वाढवायला जेली केली, गोठ्यातलं पाणी शिंपडलं. पहिलीत औषधच न्हाई, दुसरीत थेंब, तिसरीत चमचा, चौथीत कडक. पाटोद्याच्या उन्हात जेली पातळ व्हायला लागली, म्हणून बश्या फ्रीजमध्ये ठेवल्या. मंगल कडाडली, दह्याशेजारी शेण कावून? बायकोला विज्ञान कळत न्हाई.

१० एप्रिल
जमलं! चारी बश्या लख्ख. म्हणजे थेंब पुरतो. बिनऔषधाची बशीपण लख्ख. आमचा गोठाच लई स्वच्छ. गणिताचे सुग्रीव सर म्हणाले, फ्रीजात जंतू वाढतेत व्हय? जळतंय बेणं.

११ एप्रिल
डाव्या पायाच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा. शुगरमुळं कळलंच न्हाई, मंगलला चपलेत रक्त दिसलं. दवाखान्यात चला म्हणली. संशोधकाला कसला दवाखाना? बादलीभर पाण्यात थेंब टाकला, पाय बुडवला. रोज बुडवणार.

१४ एप्रिल
पाय सुजलाय. चांगली खूण, औषध आतून काम करतंय. दुखत तर अजिबात न्हाई. वास येतो, तो औषधाचा.

१७ एप्रिल
कालपासून लाईट न्हाई. फ्रीज तापलाय. तीन बश्यांवर पिवळी-हिरवी साय आली, फक्त कडकवाली साफ. लाईटवाल्यांनी नमुने नासवले. निष्कर्ष मात्र कायम.
मंगलनं बश्या बघितल्या, मग माझा पाय बघितला. आत जाऊन दार लावून घेतलं. ती भांडलेली परवडते.

१८ एप्रिल, दुपार
एवढ्या उन्हात थंडी वाजतीय. अंगठा काळा पडलाय. शाई सांडली असंल. मंगलनं भावाला, रामहरीला, जीप घेऊन बोलावलं. उगं तमाशा. बीडच्या वाटेवर मांजरसुंब्याला चहाला थांबा म्हणलं, तर कुणी थांबलं न्हाई. दोघं एकमेकांकडं बघत न्हवते.

१९ एप्रिल, बीड
डॉक्टर पोरगेलाच हाय. त्याला थेंबाचं प्रमाण नीट समजावलं. त्यानं मान खाली घातली. पटलं असावं. पायावर पार गुडघ्यापर्यंत पेनानं रेघा मारून गेला. उद्या भूल देऊन ड्रेसिंग करणार म्हणे. कागदावर मंगलनंच सही केली, मला वाचूपण दिला न्हाई.
येत्या सोमवारी शाळेत जायचंय. तिला म्हणलं, तेवढे बूट घासून ठेव. बरं म्हणली, अन् पदर तोंडात कोंबून रडायला लागली. बुटांपायी कुणी रडतं का?